मुलाला सांगावंसं वाटलं पाहिजे

माकुणसार, ता. पालघर
शाळा उघडायच्या आधीचा रविवार

चि. बयो,


परवा फोनवर म्हणालीस, "आत्या, शाळा मिळाली. बोईसरच्या अलीकडे, एमआयडीसीच्या कुंपणाला लागून. पहिली-दुसरीचा वर्ग आहे. पहिल्या दिवशी काय करू?" तेव्हा मी नुसतं "पोटभर खाऊन जा" म्हटलं आणि तू हसलीस. रेंज जात-येत होती आणि एवढं मोठं उत्तर फोनवर देता येत नाही. सदतीस वर्षं पाटी-पुस्तकांत गेली, त्यातलं तुझ्या उपयोगाचं तेवढं लिहिते.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते. निवृत्तीच्या समारंभात लोकांनी कौतुकाचं सगळं सांगून टाकलं. हे कुणी सांगितलं नाही, कारण ते मलाच ठाऊक होतं.

१९८८ साल. तेव्हा आपला जिल्हा ठाणेच. पालघर वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. मी एका पाड्यावरच्या शाळेत होते. चित्रांचा तक्ता भिंतीला लावून एकेकाला वस्तूचं नाव विचारत होते. दुसरीतल्या एका वारली मुलाची पाळी आली. त्यानं घरात म्हणतात तो शब्द सांगितला. वर्ग हसला आणि मीही हसले. दुष्टपणानं नव्हे गं, सहज हसू आलं. तो शब्द मला अजून आठवतो, पण इथं लिहीत नाही. त्याचं एकदा हसं झालं तेवढं पुरे.

तीन-चार दिवसांनी मधल्या सुट्टीत हा मुलगा शाळेच्या कट्ट्यावरून पडला. मला पत्ताच नाही. सुट्टीनंतर शुद्धलेखन घातलं. त्याच्या पाटीवर अक्षरं वाकडीतिकडी, काही चक्क उलटी. "हात मोडलाय का रे तुझा?" मी खेकसले. तो गप्प. डाव्या हातानं लिहीत होता आणि उजवा हात मांडीवर धरून बसला होता. शाळा सुटेपर्यंत तसाच बसला. दुसऱ्या दिवशी आई त्याला घेऊन आली, तेव्हा कामट्या लावून बांधलेला हात बघितला. खरंच मोडला होता.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. तो जमिनीकडे बघत राहिला. त्याच्या शेजारचा म्हणाला, "बाई, तो बोलला का हसतात ना."

बयो, प्रशिक्षणात तुला सर्वसमावेशक शिक्षण एका दिवशी शिकवलं असेल आणि विद्यार्थी सुरक्षा दुसऱ्या दिवशी. दोघांच्या फायली वेगळ्या असतात. मला ते त्या दिवशी एकच असल्याचं कळलं. ज्या मुलाची बोली शाळेत चालत नाही, त्याची तक्रारही शाळेत चालत नाही, असं ते मूल धरून चालतं. मग त्याचा हात मोडो की त्याहून वाईट काही होवो, ते मूग गिळून बसतं. मुलाला सांगावंसं वाटलं पाहिजे. बाकी सगळं या एका गोष्टीसाठी.

आणि मला तरी हसायचं काय कारण होतं? आपण वाडवळ. तुझ्या पणजीच्या तोंडात 'चहा' कधी नव्हताच, 'सा' होता. शिकायला बाहेर पडले तेव्हा एकदा माझ्या तोंडून 'सा' निघाला आणि मुली हसल्या. त्या दिवसापासून मी शाळेतली भाषा वेगळी आणि घरातली वेगळी करून टाकली. स्वतः ते सोसलेलं असूनही बाई झाल्यावर विसरले. माणूस खुर्चीवर बसला की असं होतं. म्हणून तुला आधीच सांगते.

तुझ्या वर्गात तर बोलींची जत्रा असेल. वारली असतील, मांगेल्यांची असतील, कंपन्यांत कामाला आलेल्या उत्तर प्रदेशातल्या, बिहारातल्या, ओडिशातल्या माणसांची पोरं असतील. पहिले दोन आठवडे पुस्तक उघडलं नाहीस तरी चालेल. पाणी, भात, आई, पोटात दुखतंय, भीती वाटते, घरी जायचंय, एवढे शब्द प्रत्येकाच्या घरच्या बोलीत विचारून घे आणि वहीत लिहून ठेव. मुलांसमोर लिही. बाई आपल्याकडून शिकतायत हे पोरांनी बघू दे. पोटात दुखण्याला तिच्या भाषेत काय म्हणतात हे जिला विचारलंस, ती दुखल्यावर तुझ्याकडेच येईल. नावांचंही तसंच. सोमवारी जन्मला म्हणून सोमा, बुधवारचा म्हणून बुध्या, ही वारल्यांची जुनी रीत आहे. ते नाव सुधारून द्यायचा उद्योग आपला नव्हे. आणि 'ए भैया' ही हाक वर्गात ऐकलीस तर पहिल्याच दिवशी थांबव. आठवड्यानं थांबवायला गेलीस तर ते त्याचं नाव होऊन बसलेलं असेल.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. आपल्याच जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ते करून दाखवलं. तेराव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांत विधवा झालेल्या अनुताई पुण्यातली शिक्षिकेची नोकरी सोडून इकडे आल्या. १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू झालं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. बालवाडी बांधली तरी मुलं येईनात. तेव्हा या बायांनी मुलांना नावं ठेवली नाहीत, बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. आज गावोगावी असलेल्या अंगणवाडीचं मूळ तिथं आहे. थोडी मोठी मुलं गुरांमागे जात, तर शाळा कुरणात नेली, कुरणशाळा. साहित्य म्हणून शिंपले, चिंचोके, बिया, पानं. पोरांच्या हाताला ओळखीच्या असलेल्या वस्तू. सरकारनं पुढे ताराबाईंना पद्मभूषण दिलं, अनुताईंना पद्मश्री. पण मला त्यांचं मोठेपण दिसतं ते दुसरीकडे. मूल शाळेत का येत नाही, हा प्रश्न त्यांनी मुलाला न विचारता शाळेला विचारला.

तोच प्रश्न तुला दिवाळीनंतर पडेल. भात झोडून झाला की काही मुलं आईबापांबरोबर वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर जातील. पटावर लाल शाईत 'सतत गैरहजर' लिहून मोकळं होणं सोपं असतं. नव्वदीच्या दशकात विधायक संसद या संस्थेनं भट्टीवरच शाळा भरवल्या. भट्टीवरच्या मजुरांच्या खोपटाला भोंगा म्हणतात, म्हणून ती भोंगाशाळा. तू भट्टीवर जाऊ शकणार नाहीस, पण जाण्याआधी आईबापाला विचारून भट्टी कुठली ते लिहून घे, स्थलांतरित मुलांसाठीचं शिक्षण हमी कार्ड हातात दे, तिथल्या जवळच्या शाळेला फोन कर. पोर जूनमध्ये परत येईल तेव्हा त्याची जागा वर्गात असू दे. "आलास का फिरून?" असं कुणी म्हणालं तर ते पुन्हा येत नाही.

आता शिक्षेबद्दल. मी छडी वापरलेली आहे, तुझ्यापासून काय लपवू! आमच्या वेळी ती बाजारातून मागवत नसू, पोरंच निरगुडीची तोडून आणत. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले. छडी गेली, पण मानसिक छळ हे शब्द कुणी नीट वाचले नाहीत. ओणवं उभं करणं, वर्गाबाहेर काढणं, "तुझ्या बापानं कधी शाळा बघितली होती का" हे विचारणं त्यातच येतं. २०२५च्या नोव्हेंबरात वसईत सहावीतली मुलगी गेली, ती बातमी तू वाचलीस. शाळेत उशिरा आली म्हणून उठाबशा काढायला लावल्या आणि आठवड्याच्या आत ती गेली. दोष कुणाचा ते कायदा ठरवील. आपण एवढंच लक्षात ठेवायचं की शिक्षा देताना पोराच्या शरीरात काय चाललंय हे आपल्याला दिसत नसतं.

त्यातही आपल्या भागात एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघ. आदिवासी मुलांत सिकलसेलचा आजार आढळतो. तो असलेलं मूल थंडी-पावसात हातपाय दुखतात म्हणून बसून राहतं, लवकर दमतं, वारंवार आजारी पडतं. बाहेरून ते आळशी दिसतं. मी कितीजणांना आळशी म्हटलं असेल देव जाणे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत, त्यात सिकलसेलही आहे. तर असं मूल दिसलं की आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यायला आईला सांग. तपासणीत निघालं तर त्याला पळण्याच्या शर्यतीत ढकलू नकोस, पाण्याची बाटली हाताशी असू दे, आणि वर्गात जाहीर करू नकोस. फळ्यावरचं न दिसणारं, एका कानानं कमी ऐकणारं मूलही असंच 'लक्ष नाही' म्हणून मागे जातं. मागच्या रांगेत कोण बसतं आणि का, हे दर महिन्याला एकदा तपास.

खिचडीच्या वेळी शिक्षकांच्या खोलीत चहा पीत बसू नकोस. पंगत बघ. कोण कोणाच्या शेजारी बसत नाही, कोणाचं ताट शेवटी वाढलं जातं, कोण एकटं भिंतीकडे तोंड करून जेवतं, ते पंगतीत दिसतं, पटावर दिसत नाही. मी पुढेपुढे जन्ममहिन्याप्रमाणे पंगत बसवायला लागले. जानेवारीवाले एकीकडे, फेब्रुवारीवाले त्यांच्या शेजारी. कुणालाही कारण द्यावं लागलं नाही आणि जुने गट आपोआप मोडले. डब्यात सुकट-बोंबील निघाला म्हणून नाक मुरडणारं कुणी असेल, तर ते मूल आहे की शिक्षक तेही बघ. शिक्षक असेल तर त्याच्याशी एकटीनं, दार लावून बोल.

आता जे लिहायला हात जड होतो ते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघडकीला आलं. लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. तक्रार घ्यायला झालेल्या उशिराबद्दल उच्च न्यायालयानं पोलिसांचे कान उपटले. त्यानंतर सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती यांचे आदेश सगळ्या शाळांना पुन्हा आले. हे सगळं हवंच. पण तू शाळेत गेल्यावर बघ, तक्रारपेटी किती उंचीवर लावलीय. तिची किल्ली कुणाकडे असते. आणि पहिलीतलं पोर, ज्याला अजून 'क' काढता येत नाही, ते त्या पेटीत काय टाकणार? त्या लहान मुलींनीही सांगितलं ते घरी. तुझ्या वर्गाची तक्रारपेटी म्हणजे तू. रोज शाळा सुटताना दारात उभी राहा. प्रत्येकाला नावानं हाक मार, चेहरा बघ. दोन मिनिटांचं काम आहे. आज कोण मान वर करत नाही हे तुला महिन्याभरात न बघताही कळायला लागेल.

आणि एखादीनं काही सांगितलंच, तर तिच्या उंचीला खाली बस आणि ऐक. "खरं सांग", "आधी का नाही बोललीस", हे शब्द गिळून टाक. खोदून खोदून विचारू नकोस; तेच तिला पुन्हा चारजणांसमोर बोलायला लावू नकोस. "कुणाला सांगणार नाही" असं वचनही देऊ नकोस, कारण ते तुला पाळता येणार नाही. "तू सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही" एवढं म्हण. मग तिचेच शब्द, तिच्याच बोलीत, जसेच्या तसे कागदावर उतरव. शब्द सुधारू नकोस. तारीख-वेळ घाल. २०१२च्या पोक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं की अशी माहिती किंवा नुसता संशय असला तरी पोलिसांना कळवायलाच हवं. कळवलं नाही तर शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाला ती जास्त. १०९८ हा मुलांचा मदतीचा क्रमांक पाठ असू दे.

कुणी म्हणेल, "आधी शाळेतल्या शाळेत बघू, गावाची अब्रू आहे." अशी माणसं वाईट असतात असं नाही, घाबरलेली असतात. त्यांना शांतपणे सांग, चौकशी करणं आपलं काम नव्हे, कळवणं आपलं काम आहे. पालकांना धीर दे की मुलीचा जबाब पोलीस गणवेशात न येता, घरी किंवा तिला बरं वाटेल त्या जागी घेतात, आणि तिचं नाव कुठेही येऊ द्यायचं नाही असा कायदा आहे. ते नाव तुझ्याही तोंडून कधी बाहेर पडता कामा नये. मलासुद्धा सांगायचं नाही.

पहिल्या आठवड्यात मुलींचं स्वच्छतागृह स्वतः जाऊन बघ. दाराला आतून कडी आहे का, ती सहा वर्षांच्या मुलीच्या हाताला पोचते का, पाणी आहे का, की कुलूप लावून किल्ली शिक्षकांसाठी राखून ठेवली आहे. दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली मी बघितल्या आहेत. विचारलं तर "तहान नाही लागत" म्हणतात. तहान लागते गं, कडी लागत नाही. शाळेत येताना कोण रूळ ओलांडतं, कोणाच्या वाटेवर ओहोळ आहे, कोण टमटममध्ये ड्रायव्हरच्या शेजारी कोंबून बसतं, याची यादी कर आणि धो-धो पावसात आधी त्यांची चौकशी कर.

तुझ्या शाळेला अजून एक गोष्ट चिकटलेली आहे. डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के सुरू झाले. मार्च २०१८ मध्ये तारापूर एमआयडीसीत रात्री स्फोट झाला, तेव्हा लांबलांबच्या गावांत लोकांना भूकंपच वाटला. त्या वर्षापासून आपल्याकडे खिडकीचं तावदान वाजलं की माणसं एकमेकांना विचारतात, भूकंप की कंपनी? मुलांसाठी या दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. हादरा बसला तर डोकं झाकायचं आणि हादरा थांबल्यावर रांगेनं मैदानात यायचं. वायू सुटला तर मैदानात थांबायचं नाही, वाऱ्याला आडवं चालत लांब जायचं, ओला रुमाल नाकाला. झेंड्याच्या खांबाला कापडाची एक पट्टी बांध. वारा कुठून कुठे वाहतो ते पहिलीतलं पोरही सांगेल, आणि तो तुझा परिसर अभ्यासाचा धडाही होईल. ज्याला चालता येत नाही त्याला कोण उचलणार, हे तालमीच्या दिवशीच ठरव.

एवढं सगळं वाचून तुला वाटेल, आत्यानं ओझंच दिलं. त्यात वरून माहिती भरा, फोटो पाठवा, निवडणुकीचं काम करा, हे आहेच. खोलीत एकटी राहणार आहेस. ज्या दिवशी पोरांवर विनाकारण ओरडशील, त्या दिवशी समज की तू दमली आहेस. शनिवारी डहाणूहून येणारी लोकल धर, केळवे रोडला उतर, मी भात टाकून ठेवते. तुलाही कुणाला तरी सांगावंसं वाटलं पाहिजे ना.

तो मुलगा मला परत भेटला. निवृत्तीच्या वर्षी, केळवे रोड स्टेशनावर. मी ओळखलं नाही, त्यानं ओळखलं. "बाई ना तुम्ही?" म्हणत माझ्या हातातली पिशवी घेतली, उजव्या हातानं. मनगट किंचित वाकडं होतं. बत्तीस वर्षांनी मी विचारलं, "दुखतो का रे हात?" त्यानं हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पावसात जरा दुखतो, बाई," म्हणाला. त्याच्याकडून मी ऐकलेली ही पहिली तक्रार. गाडी येईपर्यंत आम्ही बाकावर बसलो. त्याच्या मुलीबद्दल बोलत होता. बोलता बोलता तो शब्द आला, तोच, तक्त्यावरचा. या वेळी मी अर्थ विचारला, आणि त्यानं नीट समजावून सांगितला.

वालाच्या डाळीची पुडी आणि आंबोशी दादाबरोबर पाठवते आहे. आणि हो, उद्या कोठीची खोली उघडशील तर आधी काठीनं दार वाजव, मग थोडं थांब. पहिल्या पावसात मण्यार कोरडी जागा शोधत येते. पोरांना आत आधी पाठवू नकोस, तू जा.

तुझी,
आत्या